गेजच्या खाचेतला भंडारा

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता बीदरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यासमोर टेम्पो थांबला आणि त्यातून पिनांची बारा खोकी उतरवली गेली. हीच खोकी तीन आठवड्यांपूर्वी याच दारातून पुण्याकडे गेली होती. आता प्रत्येकावर लाल कागद चिकटवलेला होता. कागदावर इंग्रजीत एकच शब्द होता, त्याचा अर्थ नामंजूर.

कारखाना माझ्या दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. पिन करंगळीच्या दोन पेरांएवढी, पोलादी, वरून जस्ताचा मुलामा. मोटारीचं दार ज्या बिजागरीवर फिरतं, तिच्यात ती बसते. दाजी पिन बनवतात, पुण्याजवळची एक मोठी फर्म बिजागरी बनवते आणि बिजागरी मोटार कंपनीकडे जाते. मोटार घेणाऱ्याला ही पिन असते हेच ठाऊक नसतं. ठाऊक झालं, तर समजावं की काहीतरी बिघडलंय.

फर्मच्या पत्रात लिहिलं होतं की पिन बिजागरीत ढिली बसते, त्यामुळे दार उघडल्यावर किंचित खाली येतं आणि खराब रस्त्यावर वाजतं. गुरुवारी आमचा इंजिनिअर येईल. तोवर कारण शोधून सोबतचा फॉर्म भरून ठेवावा.

दुपारी दाजींचा मला फोन आला. मी अनेक वर्षं सोलापूरच्या एका दैनिकात बातम्यांच्या टेबलावर काढली होती आणि वर्षभरापूर्वी बीदरच्या मैलूर भागात राहायला आलो होतो. दाजी मला संपादक म्हणतात. मी त्या दैनिकात संपादक कधीच नव्हतो, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

“काय करायलास, संपादक?”

“जेवायलो.”

“जेव, अन् ये. एक कागद भरायचाय. तू कसल्याबी गोष्टीचं कारण लिहितोस.”

कागद दोन पानी होता. दुसऱ्या पानावर पाच ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकच प्रश्न: का? पहिल्या ओळीत उत्तर लिहायचं, मग त्या उत्तरालाच ‘का’ विचारायचं, असं पाच वेळा. पाचव्या उत्तराला मूळ कारण मानतात. मोटारीच्या धंद्यात ही जुनी रीत आहे. दाजींच्या कारखान्यात तिला ‘पाच कामूनचा कागद’ म्हणतात.

दाजींकडे पाचवं उत्तर तयार होतं. पहिली चार मी शोधायची होती.

“तपासणीत दुर्लक्ष झालं असं लिव्ह. वरच्यांना ते पटतंय. माणूस चुकला, माणूस बदलला, इषय संपला.”

“माणूस कोण?”

दाजींनी केबिनच्या काचेतून बाहेर बोट दाखवलं.

बाहेर तपासणीच्या टेबलाशी अक्का बसली होती. तिला सगळेच अक्का म्हणतात, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. पन्नाशीची बाई. माहेर हुलसूरकडचं, मेंढरं राखणाऱ्या घरातलं. वडलांच्या मागं फिरून लहानपणी तिनं लोकर चिमटीत धरून तिची जात ओळखायला शिकून घेतलं होतं. अकरा वर्षं ती या टेबलावर गेज लावून पिनांचं माप तपासत होती. अख्ख्या कारखान्यात बसायला दोनच खुर्च्या होत्या, एक दाजींची आणि एक तिची. बाकी सगळं काम उभ्यानं. तपासनीस बदलली असं कागदावर गेलं, तर अक्काला लेथखालचा लोखंडाचा किस पाट्यांनी भरून मागं नेऊन टाकायच्या कामावर जावं लागणार होतं. तिचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखत होता.

मी लिहायला घेतलं. पाचव्या ओळीत लिहिलं: तपासनिसाचं दुर्लक्ष. खाली उपाय या चौकटीत लिहिलं: तपासनीस बदलण्यात आली आहे. बातमीच्या दृष्टीनं वाक्य चांगलं होतं. छोटं होतं, आणि त्यात कोणाचं नाव नव्हतं.

इथं थोडं मागं जावं लागेल.

दर वर्षी चैत्रात दाजींना फर्मकडून एक पत्र येतं. स्पर्धा वाढली आहे, आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत, तरी पिनेचा दर यंदा थोडा कमी करावा, असा त्याचा मजकूर असतो. पोलाद महागलं तरी पत्राची भाषा बदलत नाही. दाजी पत्र दोनदा वाचतात आणि त्याच दुपारी हुमनाबादच्या प्लेटिंगवाल्याला फोन लावतात. पिनांवर जस्ताचा मुलामा तो देतो. मी एकदा हा फोन शेजारी उभं राहून ऐकला आहे. “बघा अप्पा, स्पर्धा लई वाढलीय. आपण काय परके हाव? एक घरच हाव आपण. दर थोडा कमी करा.” पत्रातला शेवटचा नमस्कार तेवढा राहिला होता. प्लेटिंगवाल्यानं पुढे कोणाला फोन लावला, याची माहिती मिळू शकली नाही.

पिना परत आल्या त्या वर्षी प्लेटिंगवाल्यानं दर कमी केला आणि मुलामाही पातळ केला. त्यानं दुसरी गोष्ट सांगितली नाही, दाजींनी विचारली नाही. इकडे लेथवरचं कटाई करणारं पातंही आता दुप्पट दिवस चालवलं जात होतं. पिना पॅक करायचा तेलकट कागद बंद होऊन त्याच्या जागी रद्दी आली होती. परत आलेल्या खोक्यांपैकी एकात मी लिहिलेली ऊसदराची बातमी निघाली. पिनांना तिनं गंजापासून वाचवलं नव्हतं.

कमी करायला निघालं की आधी कोणाच्या डोळ्यांत न येणारं जातं. आमच्या दैनिकात आधी मुद्रितशोधक गेले. अंक रोज वेळेवर निघत राहिला.

बुधवारी सकाळी अक्का केबिनच्या दारात उभी राहिली. दाजी बँकेत गेले होते.

“दादा, कागदात काय लिवलाव?”

“कारण लिहिलंय.”

“वाचा की. इंग्रजी हाय, मला काय कळतंय.”

मी मराठीत वाचून दाखवलं.

“माझं नाव न्हाई त्यात.”

“नाही.”

“नाव न्हाई, पण खुर्ची माझीच जायलीय न्हवं?”

मी म्हणालो की पिना बारीक आहेत आणि त्या तिच्याच टेबलावरून गेल्या आहेत.

“बारीक हायत, ते मला ठाव हाय,” ती म्हणाली. दाजींना ती अण्णा म्हणते. “भादव्यातच मी अण्णांना म्हणले, अण्णा, पिना हाताला हलक्या लागायल्यात. अण्णा म्हणले, तुझा हात काय म्हणतो ते नको सांगू, गेज काय म्हणतंय ते सांग. गेज म्हणलं, बरोबर हाय. मंग मी काय करू? गेजसंगट भांडू?”

पत्रकारितेत एका माणसाच्या सांगण्यावर बातमी लावत नाहीत. मी लेथवरच्या माणसाला विचारलं. तो मशीन न थांबवता म्हणाला, “व्हय, म्हणाल्या होत्या. मी हितंच हुतो.” दाजी बँकेतून आले तेव्हा त्यांनाही विचारलं. त्यांनी पंख्याकडे बघितलं.

“म्हणली असंल.”

“असंल की म्हणाली?”

“म्हणली. तू कोर्टात हाईस का?”

तिघांचं सांगणं जुळत होतं. मी लिहिलेला फॉर्म फाडला आणि कोरा फॉर्म टेबलावर ठेवला.

“उद्या साहेब यायलाय अन् कागद कोरा?” दाजी म्हणाले.

“कारण अजून सापडलं नाही.”

“कारण सापडायला कशाला पायजे? लिवायला पायजे!”

गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी इंजिनिअर आला. चाळिशीचा, चेहरा थकलेला, पहाटे निघालेला. ज्या मोटारीत ती बिजागरी बसते, त्याच मोटारीतून तो आला होता. तो उतरला आणि दार उघडं ठेवून बॅग काढायला मागं गेला. अक्का टेबलावरून उठून लंगडत बाहेर गेली. तिनं दाराच्या खालच्या कडेला दोन बोटं लावली, दार हलकेच वर उचललं आणि सोडलं. टक असा आवाज झाला.

“साहेब, दार लोंबायलंय तुमचं.”

“माहितीये,” इंजिनिअर म्हणाला. “त्यासाठीच आलोय.”

“पुन्यापासनं असंच आलाव?”

“हो.”

“सोलापूरच्या पुढं लई वाजलं असंल.”

इंजिनिअर पहिल्यांदा हसला. त्यानं कबूल केलं की सोलापूरनंतर त्यानं रेडिओचा आवाज वाढवला होता.

आत आल्यावर त्यानं मखमली पेटीतून स्वतःचं गेज काढलं. गेज म्हणजे मापाचं साधं हत्यार: घोड्याच्या नालासारखा पोलादी तुकडा, त्याला दोन खाचा. पहिल्या खाचेतून पिन गेली पाहिजे, दुसरीतून जाता कामा नये. जाड पिन पहिलीत अडकते, बारीक पिन दुसरीतून निसटते. पहिलीत गेली आणि दुसरीत थांबली, तीच पिन चांगली. अक्काच्या टेबलावर याच मापाचं गेज होतं, पितळी साखळीनं बांधलेलं.

इंजिनिअरनं परत आलेल्या खोक्यातली एक पिन घेतली. त्याच्या गेजच्या दुसऱ्या खाचेतून ती सहज निसटली. तीच पिन अक्कानं आपल्या गेजमध्ये घातली. ती तोंडाशीच थांबली. दुसरी पिन घेतली, तेच झालं. अशा दहा पिना झाल्या.

“ढकलू नका,” इंजिनिअर म्हणाला. “तिच्या वजनानं जायला पाहिजे.”

“मी कुठं ढकलायले? घ्या, तुम्हीच धरा.”

त्यानं अक्काचं गेज हातात घेतलं. पिन थांबली. त्यानं ते खिडकीशी नेलं, एक डोळा मिटून खाचेतून बाहेरच्या उजेडाकडे बघितलं आणि रॉकेल मागितलं. खिशातला पांढरा रुमाल रॉकेलमध्ये भिजवला, काडीच्या टोकाला गुंडाळला आणि दुसऱ्या खाचेत घासला. रुमालावर आधी काळपट डाग आला. मग लाल आला. मग पिवळा.

“हे काय आहे?”

लेथ बंद झाली होती.

“खंडे नवमी,” शेवटी दाजी म्हणाले.

खंडे नवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कारखान्यातली सगळी हत्यारं धुऊन सतरंजीवर मांडतात आणि पुजतात. गेजही पुजतात. पुजलेलं पुसायचं नसतं, आपोआप उडेल तेव्हा उडू द्यायचं. पहिल्या खाचेतून रोज हजारदा पिन जाते, ती आठ दिवसांत घासून लख्ख होते. दुसऱ्या खाचेतून काहीच जात नाही, निदान जायला नको असतं. म्हणून तिथं लावलेलं तिथंच राहिलं, त्यावर मशीनचं तेल बसलं आणि ते लाखेसारखं कडक झालं. खाच त्या थराएवढी अरुंद झाली. पिना बारीक होत गेल्या, तरी त्या अरुंद खाचेत अडकतच राहिल्या.

“लावलं कोणी?” इंजिनिअरनं विचारलं. त्यानं पेन काढलं होतं.

“मी,” अक्का म्हणाली. “मैलारच्या खंडोबाचा भंडारा. दर साली लावते. त्या दुसऱ्या खाचेला जरा जास्तच लावते.”

“जास्त का?”

“वाईट पिन तीच थांबवतीय न्हवं? पहिली काय, सगळ्यांनाच आत घेतीय.”

इंजिनिअर लिहायला लागला. दाजी पुढं आले. त्यांना जे हवं होतं ते अक्कानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आता त्यांनी गप्प बसायचं एवढंच बाकी होतं. ते गप्प बसले नाहीत.

“साहेब, भस्म मी लावलो. तीन बोटांनी, दोन्ही खाचांवर. अन् कुंकू आमच्या घरच्यांनी.”

“भस्म रुमालावर दिसत नाही.”

“रुमाल पांढरा हाय, दिसंल कसं? पण हाय. लिवा.”

त्यामुळे भस्माची नोंद दाजींच्या तोंडी जबाबावरून झाली. बहिणीला मी त्याच संध्याकाळी फोन केला. कुंकवाच्या बाबतीत तिनं दुजोरा दिला.

इंजिनिअरनं रुमालाची घडी घातली. “तीन-चार वर्षांचा थर आहे. त्याआधी काय करत होता?”

त्याआधी गेज दर वर्षी दसरा झाला की हैदराबादला एका प्रयोगशाळेत जात असे. तिथं ते धुतलं जाई, मोजलं जाई आणि बरोबर असल्याच्या दाखल्यासह परत येई. तीन वर्षांपूर्वी चैत्राच्या पत्रानंतर दाजींनी जी पहिली गोष्ट बंद केली ती हीच.

फॉर्म भरायला सगळे टेबलाभोवती जमले. इंजिनिअर एकेक ओळ वाचत होता आणि मी लिहीत होतो.

दार का वाजतं? पिन ढिली आहे. पिन ढिली का? मुलामा पातळ झाल्यानं बारीक आहे. बारीक पिन पुढं का गेली? गेजनं थांबवली नाही. का थांबवली नाही? दुसऱ्या खाचेत बाहेरचा पदार्थ होता.

“बाहेरचा कुठला?” अक्का म्हणाली. “मैलारचा हाय त्यो.”

“अक्का, लिवू दे,” दाजी म्हणाले.

“लिवा की. पण बाहेरचा नका लिवू.”

इंजिनिअरनं ‘थर’ असा शब्द सुचवला. तो सगळ्यांना चालला.

पाचवी ओळ राहिली. थर का राहिला? कारण गेज हैदराबादला पाठवलं नाही.

“आता ते का पाठवलं नाही, हे त्याच ओळीत येऊ दे,” इंजिनिअर म्हणाला. “ते मूळ कारण.”

“लिव्ह, संपादक,” दाजी म्हणाले. “तुम्ही दर कमी केलाव म्हणून.”

मी लिहायला सुरुवात केली होती. इंजिनिअरनं कागदावर हात ठेवला.

“हे नाही लिहिता येत.”

“कामून? खोटं हाय?”

“खोटं नाही. पण मूळ कारण पुरवठादाराच्या आवारात सापडलं पाहिजे. तसं ठरलेलं आहे. आमच्याकडे बोट दाखवणारा फॉर्म सिस्टीम घेत नाही, परत पाठवते.”

“मंग तुमच्याबद्दल इचारायचं असंल तर?” अक्कानं विचारलं.

“तो फॉर्म मोटार कंपनीकडे असतो,” इंजिनिअर म्हणाला. “मागच्या महिन्यात मी तो भरलाय.”

“त्यात तुम्ही काय लिवलाव?”

त्यानं घड्याळाकडे बघितलं आणि चहाचा कप उचलला. चहा संपलेला होता.

मग मी एक वाक्य दिलं: वार्षिक नियोजनात नोंद राहून गेली. या वाक्यात कोणी काही केलेलं नव्हतं आणि जे झालं नाही ते कोणी टाळलेलंही नव्हतं. अशी वाक्यं मी दैनिकाच्या टेबलावर बरीच लिहिली आहेत. इंजिनिअरनं ते दोनदा वाचलं आणि चांगलं आहे म्हणाला. उपायांच्या चौकटीत त्यानं स्वतःच्या हातानं तीन ओळी लिहिल्या. गेज दर वर्षी हैदराबादला पाठवावं. मुलाम्याची जाडी प्रत्येक खेपेला मोजावी. सणाच्या दिवशी मोजमापाच्या साधनांना कोणताही पदार्थ लावू नये.

“अन् माणूस बदलायचं?” अक्कानं विचारलं. ती अजून उभीच होती.

इंजिनिअरनं माझ्याकडे बघितलं, मग दाजींकडे.

“बदलून काय करू?” दाजी म्हणाले. “नवा माणूस आणला तर त्योबी नवमीला कायतरी लावणारच की. बस.”

अक्का खुर्चीवर बसली.

इंजिनिअर दीड वाजता निघाला. मोटारीचं दार त्याला दोनदा ओढून लावावं लागलं. जाताना त्यानं बारा खोक्यांतल्या पिना वेगळ्या करायला सांगितलं. ते काम अक्कानं चार दिवसांत पुरं केलं, तिनं इंजिनिअरचं मखमली पेटीतलं गेज त्यासाठी मागून ठेवून घेतलं होतं. दाजींना ते साखळीनं बांधायचं होतं, तिनं बांधू दिलं नाही.

कारखान्यातलं गेज हैदराबादहून पंधरा दिवसांनी आलं. सोबतचा दाखला दाजींनी चौकट करून बसवण्णांच्या फोटोशेजारी लावला. हुमनाबादच्या प्लेटिंगवाल्यानं मुलामा पूर्वीएवढा जाड केला. दर मात्र कमी केलेलाच राहिला. याबद्दल त्याचं म्हणणं घेण्याचा प्रयत्न केला, तो म्हणाला, “तुमच्या दाजींनाच इचारा.”

चैत्रात फर्मचं पत्र आलं. स्पर्धा वाढली होती. दाजींनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. त्या दुपारी त्यांनी हुमनाबादला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी केला.

भादव्यात अक्कानं दाजींना सांगितलं की एका खेपेच्या पिना हाताला हलक्या लागतायत. दाजींनी गेज काय म्हणतंय ते विचारलं. गेजही तेच म्हणत होतं. ती खेप हुमनाबादला परत गेली.

खंडे नवमीला गेज कुलपाच्या पेटीत बंद करून सतरंजीवर मांडलं. दाजींनी पेटीच्या झाकणावर भस्माची तीन बोटं ओढली, बहिणीनं कुंकू लावलं, अक्कानं भंडारा लावला. पेटीची किल्ली त्या दिवसापुरती माझ्याकडे दिली होती.

दसऱ्याची सुट्टी झाली. त्यानंतरच्या सकाळी साडेआठ वाजता अक्का खुर्चीवर बसली, किल्ली मागून घेऊन पेटी उघडली आणि पहिल्या क्रेटमधल्या, दुसऱ्या खाचेतून निसटलेल्या अकरा पिना बाजूला काढल्या.